सागवनातील मूक वाटेकरी

मराठी माणसाच्या घरात सागाला मानाचे स्थान आहे. वाड्याची तुळई असो, देवघराची चौकट असो की लेकीच्या लग्नात दिलेले कपाट असो, त्यात कोठेतरी सागवान असावे अशी आपली जुनी हौस. "सागाचे आहे" एवढे म्हटले की वस्तूच्या टिकाऊपणाबद्दल पुढे काही विचारावे लागत नाही. तथापि, हे लाकूड आपल्या दारी येण्यापूर्वी अनेक वर्षे रानात उभे असते आणि त्या दीर्घ काळात त्याच्या मिळकतीत वाटा मागणारेही पुष्कळ असतात. त्यांतील एक मोठा वाटेकरी पंख पसरूनही तीन ते चार सेंटिमीटरांपलीकडे जात नाही. तो एक पतंग आहे. शास्त्रज्ञ त्याला 'हिब्लिया प्युएरा' म्हणतात. सागाची पाने फस्त करणाऱ्या अळीचा हा प्रौढ अवतार होय.

या पतंगाची आणि माझी ओळख पुस्तकातून झाली नाही. ती झाली एका मुदत ठेवीच्या निमित्ताने.

माषांची मुदत ठेव

काही वर्षांपूर्वी माझी बदली केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील एका शाखेत झाली. मे महिन्याचे अखेरचे दिवस होते. वळिवाच्या सरी पडून गेल्या होत्या आणि मोसमी पाऊस उंबरठ्यावर होता. एके दिवशी एक सेवानिवृत्त शिक्षक मुदत ठेवीची पावती घेऊन माझ्यासमोर बसले. गावात सारेजण त्यांना 'माष' म्हणत. मलबारात गुरुजींना असेच संबोधतात. ठेवीची मुदत संपण्यास अद्याप पाच महिने होते. तरी त्यांना ती त्याच दिवशी मोडायची होती.

"सार, माझा साग चार दिवसांत उघडा पडला. औषध फवारायचे आहे. यंत्र भाड्याने घ्यायचे आहे," ते म्हणाले. घरामागील दीड एकरात त्यांनी सात वर्षांपूर्वी साग लावला होता. नातीच्या उच्च शिक्षणाची तरतूद म्हणून तो राखलेला होता.

ठेव त्यांची होती, निर्णयही त्यांचाच होता. मुदतपूर्व रक्कम काढल्यास व्याज किती कमी होईल, ते सांगणे एवढेच माझे काम. ते मी सांगितले आणि विनंती केली, "माषे, दोन दिवस थांबू या. या विषयातल्या जाणत्या माणसाला आधी झाडे दाखवू या." वन खात्यात पहारेकरी म्हणून आयुष्य घालविलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या शाखेत निवृत्तिवेतनासाठी येत. येत्या रविवारी त्यांना घेऊन आम्ही माषांच्या वाडीत गेलो.

आकाश निरभ्र होते, तरी झाडांखाली बारीक पावसाची रिमझिम ऐकू येत होती. मी नकळत हात पुढे केला. तळहातावर पाण्याचे थेंब नव्हे, तर मोहरीएवढ्या काळसर गोळ्या पडल्या. ती अळ्यांची विष्ठा होती. वर पाहिले तर पानांच्या जागी केवळ जाड शिरांचे सांगाडे उरले होते. रेशमासारख्या धाग्यांना लोंबकळत शेकडो अळ्या जमिनीकडे उतरत होत्या. कावळे, साळुंक्या, कोतवाल आणि गायबगळे यांची पंगत बसली होती.

पहारेकरी चेट्टनांनी एक अळी बोटावर घेतली, निरखली आणि शांतपणे म्हणाले, "या आता जेवून उठल्या. औषध कोणाला घालणार? माषे, झाड मरणार नाही. महिनाभरात पुन्हा पालवेल. फक्त यंदाची वाढ गेली."

त्या शेवटच्या वाक्याने माझे कुतूहल जागे झाले.

रूप: साध्या शालीखालचा भरजरी पदर

विसावलेला हा पतंग पाहिला तर नजरेत भरण्याजोगे काहीच नाही. पुढचे पंख राखाडी ते तांबूस तपकिरी. एकाचा रंग दुसऱ्याशी तंतोतंत जुळेलच असे नाही. बसताना तो हे पंख कौलारू छपरासारखे पाठीवर मिटून घेतो आणि वाळक्या पानाच्या तुकड्यात मिसळून जातो. डोक्यापुढे आलेले दोन स्पर्शक चोचीसारखे टोकदार दिसतात.

मात्र त्याला हुसकावले की चित्र पालटते. पुढच्या पंखांखाली दडलेले मागचे पंख उघडतात. ते काळसर असून त्यांवर पिवळ्या-नारिंगी रंगाचे ठसठशीत पट्टे असतात. जुन्या काळच्या एखाद्या आजीबाईने साध्या शालीखाली भरजरी पदर झाकून ठेवावा तसा हा थाट. क्षणभर नारिंगी चमक दिसते, पतंग दुसऱ्या झुडपावर उतरतो, पंख मिटतात आणि पुन्हा वाळके पान उरते.

अळीचे रूपही परिस्थितीनुसार बदलते. रानात ती तुरळक असते तेव्हा तिचा रंग बहुधा हिरवट असतो. परंतु संख्या वाढून झुंडी झाल्या की त्याच जातीच्या अळ्या काळपट होतात. पाठीवर नारिंगी पट्टा आणि कडेने पांढरट रेघा उठून दिसतात. माषांच्या वाडीत आम्ही पाहिल्या त्या अशाच काळ्या अळ्या होत्या. पूर्ण वाढलेली अळी सुमारे चार सेंटिमीटर लांब भरते.

हॉलंडमधील कीटक-अभ्यासक पीटर क्रामर यांनी १७७७ साली या पतंगाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे बराच काळ त्याची गणना 'नॉक्टुइडी' या विशाल कुळात होत असे. आता तो 'हिब्लिइडी' या स्वतंत्र, लहानशा कुळात गणला जातो.

अधिवास: कोवळ्या पानाचा शोध

हा पतंग राहतो कोठे, या प्रश्नाचे खरे उत्तर 'सागवनात' असे नसून 'कोवळ्या पानाजवळ' असे आहे. त्याचे सारे आयुष्य या एका गरजेभोवती फिरते.

केरळात साग हिवाळ्याच्या अखेरीस निष्पर्ण होतो आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात नवी पालवी धरतो. वळिवाच्या पहिल्या सरींनंतर, एप्रिलच्या अखेरीस अथवा मे महिन्यात, पतंगांचे थवे अवतरतात. मादी रात्री कोवळ्या पानांवर एकेक अंडे चिकटवत जाते. एक मादी सरासरी ५०० अंडी घालते. सुमारे दोन दिवसांत अळी बाहेर पडते. लहानपणी ती पानाचा पृष्ठभाग खरवडून खाते. थोडी मोठी झाली की पानाची कड अर्धवर्तुळाकार कातरते, तो तुकडा दुमडते, रेशमी धाग्याने शिवते आणि त्या घडीत राहून भोवतालचे पान खाते. दहा-बारा दिवसांत पाच अवस्था पार करून ती धाग्यावरून खाली उतरते, पालापाचोळ्यात कोश करते आणि साधारण आठवड्याभरात पतंग होऊन बाहेर पडते. अनुकूल हवामानात अंड्यापासून पतंगापर्यंतचा हा प्रवास सुमारे तीन आठवड्यांत पूर्ण होतो.

चक्रवाढीचे गणित बँकेच्या ग्राहकांना नव्याने सांगावयास नको. एका मादीच्या ५०० अंड्यांतून निम्म्या माद्या निघाल्या आणि त्या साऱ्या जगल्या, तर दुसऱ्या पिढीतच १,२५,००० अंडी होतील. प्रत्यक्षात पक्षी, मुंग्या, परोपजीवी माश्या व गांधीलमाशीच्या जातीचे सूक्ष्म कीटक बहुतांश अळ्यांचा फडशा पाडतात, म्हणूनच सागवने अद्याप उभी आहेत.

केरळमधील अभ्यासकांना एक लक्षणीय गोष्ट आढळली. या उद्रेकाची सुरुवात संपूर्ण लागवडीत एकदम होत नाही. आरंभी एखाद्या हेक्टराच्या आसपास क्षेत्रफळाचे मोजके ठिपके झाडांच्या शेंड्यांवर उमटतात आणि पुढच्या पिढ्या तेथून पसरत जातात. नवे पतंग ज्या जागी जन्मले तेथे सहसा थांबत नाहीत. कारण तेथील कोवळे पान त्यांनी अळी असतानाच संपविलेले असते. ते थव्याने दुसरीकडे जातात. जुलैपर्यंत पाने जून होतात आणि जोर ओसरतो. उर्वरित वर्षभर ही जात तुरळक संख्येने, नैसर्गिक वनांतील इतर झाडांच्या कोवळ्या पानांवर तग धरते. तिला चालणाऱ्या वनस्पतींची यादी चाळिसांहून अधिक नावांची आहे.

या यादीत मुंबईकरांच्या परिचयाचे एक झाड आहे. खाडीकाठचे तिवर. पावसाळ्याच्या उत्तरार्धात मुंबई व ठाणे परिसरातील तिवरांची बने काही वर्षी अचानक तपकिरी दिसू लागतात. कोणी विषारी रसायन सोडले की काय, अशी शंका लोकांना येते. पुष्कळदा तो प्रताप याच अळीचा असतो. काही आठवड्यांत तिवरे पुन्हा हिरवी होतात. डोंगरातला साग आणि खाडीतले तिवर यांच्यात आपल्याला काही नाते दिसत नाही. पण वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी या दोहोंना निर्गुडीच्याच कुळात गणत असत. पतंगाने ते नाते फार पूर्वी ओळखले असावे!

विदर्भातील वाचकांच्या परिचयाची सागावरील दुसरी एक अळी मात्र निराळी आहे. तिचा पतंग याहून लहान, पिवळसर आणि नागमोडी तांबूस रेषांचा असतो. ती पानाचा केवळ हिरवा गर खाते आणि शिरांची नाजूक जाळी तशीच ठेवते. पावसाळा सरता सरता मध्य भारतातील सागाची राने अकाली करपल्यासारखी दिसतात, ती हिच्यामुळे. दोन्ही अळ्यांची गल्लत होऊ नये म्हणून हा उल्लेख.

मुद्दल शाबूत, व्याज गेले

मलप्पुरमहून निलंबूर फार दूर नाही. मलबारचे तत्कालीन जिल्हाधिकारी हेन्री व्हॅलेंटाइन कॉनोली यांच्या पुढाकाराने १८४० च्या दशकात तेथे सागाची पद्धतशीर लागवड सुरू झाली. चातू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने बियांपासून रोपे तयार करण्याचे अवघड काम यशस्वी करून दाखविले. १८४६ साली लावलेल्या सागाचा सुमारे सव्वादोन हेक्टरांचा एक तुकडा चालियार नदीकाठी 'कॉनोली प्लॉट' म्हणून आजही जपलेला आहे. त्या महाकाय बुंध्यांखाली उभे राहिले की प्रत्येकाने आयुष्यात कितीदा पाने गमावली असतील, असा विचार मनात येतो. साग सहसा या अळीने मरत नाही, हे त्या वृक्षांकडे पाहूनच पटते.

मग नुकसान ते कोणते? वन अधिकाऱ्यांमध्ये दीर्घकाळ हाच वाद होता. या अळीच्या उपद्रवाची नोंद त्रावणकोरात १८९८ सालीच झाली होती. तथापि, झाड पुन्हा पालवते, मरत नाही, मग खर्च कशासाठी, असा युक्तिवाद केला जाई. याचे उत्तर मोजमापानेच देणे शक्य होते. ते काम पीची येथील केरळ वन संशोधन संस्थेने निलंबूर येथील तरुण लागवडीत केले. काही झाडे या अळीपासून पाच वर्षे राखली आणि काही तशीच सोडली. राखलेल्या झाडांची वाढ हेक्टरी वर्षाला सरासरी ६.७ घनमीटर भरली, तर न राखलेल्यांची ३.७ घनमीटर. म्हणजे संभाव्य वाढीपैकी सुमारे ४४ टक्के वाढ अळीच्या पोटात गेली. जाळी करणाऱ्या दुसऱ्या अळीमुळे मात्र तेथील वाढीत लक्षणीय घट आढळली नाही.

यामागचे कारण समजण्यास सोपे आहे. पान हा झाडाचा कारखाना. तो वर्षाच्या सर्वांत अनुकूल दिवसांत बंद पडतो. नवी पालवी फुटते, परंतु ती साठवलेल्या अन्नाच्या बळावर. जे अन्न लाकूड होण्यासाठी होते, ते पुन्हा पाने घडविण्यात खर्ची पडते. कोवळ्या वयाच्या झाडाचा शेंडाच खाल्ला गेला तर खोडाला फाटा फुटतो आणि सरळ लाकूड मिळत नाही.

आमच्या व्यवसायाच्या भाषेत सांगावयाचे तर मुद्दल शाबूत राहते, व्याज तेवढे जाते. हा तोटा कोणत्याही वहीत दिसत नाही, कारण जे मिळालेच नाही त्याची नोंद कोण करणार? चेट्टन "यंदाची वाढ गेली" म्हणाले, ते संशोधन संस्थेच्या आकड्यांचेच सार होते.

या आकड्यांचा आणखी एक धडा आहे. १९९० च्या दशकात देशभर सागलागवडीच्या योजनांचे पेव फुटले होते. थोड्या रकमेत रोप विकत घ्या आणि वीस वर्षांनी लाखो रुपये मिळवा, असा त्यांचा आशय असे. अनेकांचे पैसे बुडाले. १९९९ साली 'सेबी'ने सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी स्वतंत्र नियमावली लागू केली. अशा एका योजनेचे पत्रक आमच्या घरी बरीच वर्षे जपून ठेवलेले होते. त्यात झाडाची उंची होती, घेर होता, भाव होता. अळीला मात्र रकाना नव्हता. कोणत्याही दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीत 'यातला वाटेकरी कोण?' हा प्रश्न आधी विचारावा, हे मला एका पतंगाने शिकविले.

शत्रूचा शत्रू

उपाय काय, याचाही इतिहास बोधप्रद आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील कीटकशास्त्रज्ञ सी. एफ. सी. बीसन यांचा भारतातील वनकीटकांवरील बृहद्ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. सागाच्या एकसुरी लागवडीत नैसर्गिक वनाचे पट्टे व झुडपे राखावीत, म्हणजे अळीच्या शत्रूंना आसरा मिळेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९६० च्या दशकात केरळात विमानातून कीटकनाशक फवारण्याचे प्रयोग झाले. परंतु अळीबरोबर तिच्यावर जगणारे परोपजीवी कीटकही मरतात. शिवाय रानातले पाणी, मासे, मधमाश्या यांचा विचार करावाच लागतो.

१९८० च्या दशकात केरळ वन संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांना निलंबूरच्या रानात वेगळ्याच रीतीने मेलेल्या अळ्या आढळल्या. त्यांची शरीरे लिबलिबीत होऊन पानांवरच विरघळत होती. तो एका विषाणूचा परिणाम होता. पानासोबत पोटात गेलेले विषाणूचे कण अळीच्या आतड्यात विरघळतात, काही दिवसांत अळी मरते आणि तिच्या शरीरातून बाहेर पडलेले असंख्य कण शेजारच्या अळ्यांना लागण करतात. अशा प्रकारचे विषाणू ठरावीक कीटकांपुरतेच घातक असल्याने पक्षी, मधमाश्या किंवा माणूस यांना त्यांच्यापासून भय नसते. संस्थेने त्यापासून फवारणीयोग्य द्रावण तयार करून त्याची चाचणी घेतली. मात्र वेळ अचूक साधावी लागते. अळी लहान असतानाच, उद्रेकाचे पहिले ठिपके दिसताच फवारणी हवी. ऊन विषाणूला मारक असल्याने ती दिवस कलल्यावर केलेली बरी.

निसर्गात केवळ शत्रू किंवा केवळ मित्र असे सहसा कोणी नसते. इंडोनेशियातील जावा बेटावर सागवनालगतचे ग्रामस्थ याच अळीचे कोश पाचोळ्यातून वेचतात आणि तळून आवडीने खातात. मलबारातील पक्ष्यांसाठी मे महिन्यातील हा उद्रेक म्हणजे ऐन पिले वाढविण्याच्या काळातील मेजवानी. पाचोळ्यावर पडलेली ती काळी रिमझिमसुद्धा मातीला खत होऊन मिळते.

पुन्हा पालवी

माषांनी त्या दिवशी ठेव मोडली नाही. जूनच्या अखेरीस ते शाखेत आले, ते हातात सागाचे एक कोवळे, तांबूस पान घेऊन. त्यांनी ते तळहातावर चुरडले आणि लाल झालेला हात मला दाखविला. कोकणात लहानपणी आम्हीही हाच खेळ खेळत असू, हे मी त्यांना सांगितले. भाषा वेगळी, खेळ तोच.

"पुढच्या वर्षी काय करायचे?" त्यांनी विचारले. आम्ही दोघांनी मिळून एक यादी केली. वळिवाच्या पहिल्या सरीनंतर रोज सकाळी शेंडे न्याहाळायचे. दुमडलेल्या कडांची पाने दिसताच संशोधन संस्थेशी संपर्क साधायचा. बांधावरची झुडपे तोडायची नाहीत, कारण तेथे पक्षी बसतात. आणि नातीच्या शिक्षणाचा सारा भार एकट्या सागावर टाकायचा नाही. ठेवीची मुदत संपली की ती पुन्हा गुंतवायची.

ऑक्टोबरात ठेव परिपक्व झाली, ती पूर्ण व्याजासह. नूतनीकरणाच्या अर्जावर सही करताना माष म्हणाले, "सार, या वर्षी सागाचे व्याज पतंगाने घेतले, बँकेचे तेवढे माझ्याकडे राहिले."